विमान हवेत तरंगतं कसं? हवेचा दाब, पंख आणि खान्देशचं ऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावहून विमानं सुटतात, शिरपूर आणि धुळ्यात वैमानिक घडतात, साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि आता कपाशीवर ड्रोनने फवारणी होऊ लागली आहे. या सगळ्यांमागचं विज्ञान एकच आहे. ते शाळेत अनेकदा अर्धवट शिकवलं जातं आणि एक चुकीचं स्पष्टीकरण तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. खान्देशातले विद्यार्थी, पालक आणि शेतकरी नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

एवढं जड विमान वर राहतं, म्हणजे हवेत खरंच एवढी ताकद असते?

असते, आणि लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन जमिनीजवळ प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन भरतं. हा दाब सगळ्या बाजूंनी सारखा असल्यामुळे आपल्याला जाणवत नाही.

आता जळगावसारख्या विमानतळांवर येणाऱ्या एटीआर ७२ या विमानाचा हिशेब करू. त्याचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे २३ टन असतं आणि पंखांचं क्षेत्रफळ ६१ चौरस मीटर. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरला साधारण ३७७ किलो उचलायचे असतात. हवेचा दाब दहा हजार किलोंचा आहे, त्यातला चार टक्क्यांहूनही कमी फरक पंखाच्या वर आणि खाली पडला की काम झालं. वर थोडा कमी, खाली थोडा जास्त, बस्स. सेसना १७२ सारख्या प्रशिक्षण विमानाला तर चौरस मीटरमागे सत्तर किलोसुद्धा लागत नाहीत. तिथे एक टक्का फरकही पुरून उरतो.

म्हणून विमान उडणं हा हवेच्या अफाट ताकदीतला अगदी छोटा हिस्सा वापरण्याचा प्रकार आहे. खरा प्रश्न वेगळाच आहे: हा फरक पंख पाडतो कसा?

पंखाची वरची बाजू फुगीर असते, वरच्या हवेला लांब जावं लागतं, म्हणून ती वेगाने धावते. हे बरोबर ना?

नाही. हेच ते चुकीचं स्पष्टीकरण, आणि ते अजून कितीतरी वह्यांमध्ये लिहून दिलं जातं.

यात असं गृहीत धरलेलं असतं, की पंखाच्या पुढच्या टोकाशी वेगळे झालेले हवेचे दोन कण मागच्या टोकाशी एकाच वेळी पुन्हा भेटतात. त्यांनी का भेटावं? निसर्गात असा कुठलाच नियम नाही. वायुबोगद्यात (पंखावर जोराची हवा सोडून पाहायच्या बंद बोगद्यात) धुराच्या रेषा सोडून पाहिलं की वरचा कण खालच्याच्या बराच आधी मागे पोहोचलेला दिसतो. ते दोघे पुन्हा भेटतच नाहीत. शिवाय नेहमीच्या पंखात वरची वाट खालच्यापेक्षा थोडीशीच लांब असते. तेवढ्याने वाढणाऱ्या वेगातून विमान उचलण्याइतका दाबाचा फरक निघत नाही.

आणि ही गोष्ट खरी असती, तर विमान उलटं होऊन उडूच शकलं नसतं. हवाई कसरतींची विमानं मात्र उलटी होऊन खुशाल उडतात. त्यांच्यापैकी बऱ्याच विमानांचे पंख तर वरखाली सारख्याच आकाराचे असतात. साधा कागदी बाण घ्या, त्याला कुठे फुगवटा असतो?

यात एक भाग मात्र खरा आहे. वरची हवा खरोखर वेगाने जाते आणि तिथला दाब खरोखर कमी असतो. चूक फक्त कारणात आहे. पण मुलांना कारण चुकीचं सांगितलं की पुढचं सगळं पाठांतर होतं, म्हणून इथे जरा थांबून नीट समजून घेणं गरजेचं वाटतं.

मग खरं कारण काय?

पंख हवेला खाली वळवतो. उरलेलं सगळं त्यातूनच निघतं.

पंख समोरून येणाऱ्या हवेशी थोडा कोन करून असतो, पुढची कड किंचित वर. खालची हवा पंखाला अडते आणि खाली ढकलली जाते, हे पटकन पटतं. पण मोठं काम वरची बाजू करते. वरून जाणारी हवा पंखाचा पृष्ठभाग सोडून सरळ निघून जात नाही, ती त्याच्या वळणाबरोबर खाली वळते. ती सरळ गेली असती तर पंखाच्या पाठीशी पोकळी पडली असती, आणि भोवतालचा दाब अशी पोकळी राहू देत नाही.

आता हवा वळते म्हणजे तिला कुणीतरी वळणाच्या आतल्या बाजूला ढकलत असलं पाहिजे. गोफण फिरवताना दोरी दगडाला सतत आत ओढते, दोरी सुटली की दगड सरळ निघून जातो. हवेला दोरी बांधता येत नाही, ते काम दाबाचा फरक करतो. पंखापासून दूर वरच्या बाजूला नेहमीचा वातावरणीय दाब आणि पंखाच्या पाठीला चिकटून त्याहून कमी दाब, असं असेल तरच हवा वळेल. म्हणजे हवा वळते आहे याचाच अर्थ पंखाच्या पाठीवर दाब कमी आहे. खालच्या बाजूला याच कारणाने दाब किंचित वाढतो. वर कमी आणि खाली जास्त, म्हणून पंख वर उचलला जातो.

वेग यानंतर येतो. समोरून येणारी हवा कमी दाबाच्या भागाकडे जाताना मागच्या जास्त दाबाने पुढे ढकलली जाते, म्हणून तिचा वेग वाढतो.

म्हणजे बर्नोली खोटा आणि न्यूटन खरा?

दोघेही खरे, आणि त्यांच्यात भांडण लावण्याचं काहीच कारण नाही. डॅनियल बर्नोलीने १७३८ साली प्रवाहाचा वेग आणि दाब यांचं नातं मांडलं. ते पंखालाही लागू पडतं: जिथे वेग जास्त, तिथे दाब कमी. न्यूटनचे गतीचे नियम १६८७ मधले. तुम्ही हवेला खाली ढकला, हवा तुम्हाला वर ढकलेल. पंखाच्या पृष्ठभागावरचा सगळा दाब मोजून बेरीज केली किंवा खाली वळलेल्या हवेचा हिशेब मांडला, तरी उत्तर तेच येतं. एकाच घटनेकडे दोन बाजूंनी पाहणं आहे हे.

खाली जाणाऱ्या हवेचा अंदाजही घेता येतो. तेच पूर्ण भरलेलं एटीआर वीस हजार फुटांवर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने चाललं आहे असं धरा. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत २७ मीटर. साध्या हिशेबाने हे विमान दर सेकंदाला पन्नास टनांच्या आसपास हवा हाताळतं आणि तिला सेकंदाला सुमारे चार मीटर एवढा खाली जाण्याचा वेग देतं. चार मीटर म्हणजे संध्याकाळची बरी झुळूक. खूप हवेला थोडंसं ढकलणं, हीच पंखाची कमाल आहे.

विमान वर गेलं की त्याचं वजन जातं कुठे?

कुठेच जात नाही. पंखाने खाली ढकललेली हवा शेवटी ते वजन जमिनीपर्यंत पोहोचवते. फरक एवढाच, की ते इतक्या मोठ्या क्षेत्रावर पसरतं की शेतात उभ्या माणसाला काही कळत नाही.

कागदाच्या पट्टीवर फुंकर मारली की ती वर उचलली जाते. शाळेतला हा प्रयोग तरी बरोबर आहे ना?

प्रयोग छान आहे, पण त्याचं स्पष्टीकरण नीट द्यायला हवं. पट्टी ओठांखाली धरून वरून फुंकलं की ती उचलली जाते. "वरची हवा वेगवान, म्हणून दाब कमी" असं सांगून शिक्षक पुढे जातात.

आता दुसरा प्रयोग करा. तीच पट्टी दोन बोटांत सरळ खाली लोंबती धरा आणि तिच्या फक्त एका बाजूने, कागदाला समांतर, फुंकर मारा. नुसत्या वेगाने दाब कमी होत असता तर पट्टी फुंकरीकडे ओढली जायला हवी होती. ती जवळजवळ जागची हलत नाही. तोंडातून बाहेर पडलेल्या हवेचा दाब आजूबाजूच्या हवेइतकाच असतो. पहिल्या प्रयोगात पट्टी बाकदार होती, हवा त्या बाकावरून वळली, म्हणून दाब कमी झाला. दोन्ही प्रयोग एकापाठोपाठ करून दाखवले तर सातवीतल्या मुलालाही पंखाचं मर्म कळतं. विज्ञान शिक्षकांनी ही जोडी जरूर वापरावी.

कोन वाढवत नेला तर विमान आणखी वर जाईल का?

एका मर्यादेपर्यंत. कोन वाढला की हवा जास्त वळते आणि उचलही वाढते. पण साधारण पंधरा अंशांच्या आसपास वरच्या हवेला ते वळण झेपत नाही, ती पंखाची पाठ सोडून देते आणि मागे नुसते भोवरे उठतात. उचल झपाट्याने पडते. यालाच स्टॉल म्हणतात. यात इंजिन बंद पडण्याचा संबंध नसतो, इंजिन जोरात चालू असतानाही स्टॉल होतो. उपाय ऐकायला उलटा वाटतो: विमानाचं नाक खाली करायचं, म्हणजे कोन कमी होतो आणि हवा पुन्हा पंखाला धरते. शिकाऊ वैमानिकांकडून हे पुरेशा उंचीवर मुद्दाम करून घेतात.

इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं कोसळतं का?

नाही. इंजिन फक्त पुढे रेटतं, वर धरण्याचं काम पंखाचं. ही दोन कामं वेगळी आहेत हे इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १७९९ मध्येच ओळखलं होतं आणि आधुनिक विमानाचा विचार तिथून सुरू झाला. इंजिन थांबलं तर विमान उंची खर्च करून वेग टिकवतं आणि घसरत खाली येतं.

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोईंग ७६७ चं इंधन ४१ हजार फुटांवर संपलं. किलो आणि पौंड यांच्या हिशेबात गल्लत झाली होती. वैमानिकांनी ते विमान गिमली इथल्या जुन्या धावपट्टीपर्यंत तरंगत नेलं. विमानातले सगळे ६९ जण वाचले.

मे महिन्यात जळगावहून उड्डाणाला काही अडचण येते का? पंचेचाळीस अंशांत पंखाला काय होतं?

हा प्रश्न आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

हवा तापली की विरळ होते. पौषातल्या पहाटे बारा अंश आणि मेमधल्या दुपारी पंचेचाळीस, या दोन वेळांमध्ये त्याच धावपट्टीवरची हवा दहा टक्क्यांच्या आसपास विरळ झालेली असते. उचल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) अवलंबून असते. हवा दहा टक्के कमी, तर तेवढीच उचल मिळवायला वेग पाच-सहा टक्के जास्त हवा. जे विमान एरवी ताशी २०० किलोमीटरला जमीन सोडतं, त्याला आता २१० च्या पुढे जावं लागतं. त्यात इंजिनालाही विरळ हवाच मिळते, त्याचा जोर कमी होतो. विमानाला पुढे रेटणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांना धरायला हवा कमी मिळते ती वेगळीच. म्हणजे जास्त वेग हवा आणि तो गाठायला कमी ताकद, असा दुहेरी फटका बसतो. धावपट्टी जास्त लागते आणि जमीन सोडल्यावर वर चढण्याचा वेगही मंदावतो.

वैमानिक हे एका युक्तीने मोजतात. आजची हवा प्रमाण वातावरणात (हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या सरासरी हवेत) किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे, ते काढतात. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० फुटांवर आहे. पारा ४५ अंशांवर गेला की हिशेब येतो साधारण ४,६०० फूट. म्हणजे विमानाच्या दृष्टीने मेच्या दुपारी जळगावची धावपट्टी तोरणमाळपेक्षाही उंचावर जाऊन बसलेली असते.

उपाय सरळ आहेत: पहाटे किंवा संध्याकाळी उड्डाण, कमी सामान, कमी प्रवासी किंवा लांब धावपट्टी. त्यामुळे उन्हाळ्यात वजन कमी करावं लागल्याचं कुणी सांगितलं तर त्यामागे हे गणित असू शकतं. प्रमाणाबाहेरच्या उन्हाने विमानं जमिनीवर थांबतात, हेही जगाने पाहिलं आहे. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात तापमान ४८ अंशांच्या वर जाणार म्हणून चाळीसहून जास्त छोटी प्रवासी उड्डाणं रद्द झाली होती. त्या विमानांच्या कामगिरीचे तक्तेच तेवढ्या तापमानापुढे जात नव्हते.

पावसाळ्यात हवा दमट आणि जड असते, मग तेव्हा तरी जास्त उचल मिळत असेल?

उलट आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. तापमान आणि दाब सारखे असतील तर दमट हवा किंचित विरळच असते. दमट हवेत आपल्याला घाम सुकत नाही म्हणून जड वाटतं, एवढंच. पावसाळ्यात फायदा होतो तो तापमान उतरल्यामुळे.

विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने का उडवतात? पाठीवर वारा घेतला तर वेग नाही का वाढणार?

पंखाला जमिनीवरच्या वेगाशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त अंगावरून जाणारी हवा कळते. समोरून ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर विमान उभं असतानाच पंखाला ३० चा वेग फुकट मिळालेला असतो. धाव कमी लागते. उतरतानाही तेच, चाकं टेकतात तेव्हा जमिनीवरचा वेग कमी असतो. तापीच्या खोऱ्यात पावसाळ्याचा वारा बहुतेक पश्चिमेचा, आणि जळगावची धावपट्टीही पूर्व-पश्चिम आहे.

घार पंख न हलवता तासन्‌तास कशी वर राहते?

घारीला दुसरं कुणी उचलून धरत असतं. शांत हवेत पंख न हलवणारी घार सतत खाली घसरतच असते, इंजिन बंद केलेल्या विमानासारखी. पण कपाशी निघून गेलेली काळी रानं उन्हात सगळ्यात आधी तापतात आणि त्यांच्यावरची गरम हवा खांबासारखी वर चढू लागते. घार त्या खांबाच्या आत घिरट्या घालते. ती खाली घसरते त्यापेक्षा हवा जास्त वेगाने वर जात असते, म्हणून एकूण घार वर जाते. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानंही असेच उडवतात. उन्हाळी दुपारी लहान विमानाला खूप धक्के बसतात, तेही याच वर-खाली होणाऱ्या हवेमुळे. त्याला लोक "हवेतला खड्डा" म्हणतात, पण तिथे हवा नसते असं नाही, ती फक्त खाली जात असते.

वादळात घराचे पत्रे उडतात, तेही याच कारणाने?

होय, आणि हे कळणं विमानापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वेळी कितीतरी घरांचे आणि गोठ्यांचे पत्रे जातात. वारा पत्र्याला खालून धडक मारून उडवतो असा आपला समज असतो. खरं तर छपरावरून वळून जाणारा वारा वरचा दाब कमी करतो आणि आतली हवा पत्रा वर ढकलते.

ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात हा जोर चौरस मीटरमागे सहज ४५ किलोपर्यंत जातो. दहा फुटी पत्र्याचं क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे एका पत्र्यावर जवळपास १४५ किलो. पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा किलोच्या आसपास. वर ठेवलेले चार दगड याला कसे पुरणार? उलट तेच दगड उडून माणसांना लागतात. ओढ सगळ्यात जास्त असते ती छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना, म्हणून तिथे हूक दाट मारावेत आणि वाश्याला घट्ट बांधावेत. वादळात वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं ठेवू नये. आत घुसलेली हवा खालचा दाब आणखी वाढवते आणि मग वरून ओढ, खालून रेटा, असे दोन्ही जोर एकाच पत्र्यावर येतात.

केळीच्या पानाने यावर स्वतःचा मार्ग शोधला आहे. ते शिरांच्या मधून फाटतं, झिरमिळ्या होतात आणि वारा त्यांतून निघून जातो. त्यामुळे झाडावरचा जोर घटतो.

साक्रीच्या पवनचक्क्या वाऱ्याच्या धक्क्याने फिरतात ना?

फक्त धक्क्याने नाही. ब्राह्मणवेल परिसरातल्या पवनचक्क्यांची पाती नीट पाहिली तर ती विमानाच्या पंखासारखीच दिसतील, एका कडेला जाड आणि दुसरीकडे निमुळती. वारा त्यांच्यावरून वळतो, एका बाजूला दाब कमी होतो आणि पातं त्या दिशेने ओढलं जातं. म्हणूनच पात्याचं टोक वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने फिरू शकतं. नुसत्या धक्क्यावर चालणारी चक्की वाऱ्यापेक्षा जोरात कधीच फिरली नसती.

फवारणीच्या ड्रोनला पंख नसतात, मग तो कसा उडतो?

त्याची फिरती पातीच त्याचे पंख. विमान पुढे धावून पंखाला वारा देतं, ड्रोन जागेवर उभा राहून पाती फिरवतो, हेलिकॉप्टरसारखंच. एका जागी तरंगायचं तर कमी हवेला जास्त वेगाने खाली ढकलावं लागतं, म्हणून ड्रोनची बॅटरी लवकर संपते. हीच खाली जाणारी हवा औषधाचे थेंब पिकात आतवर नेते आणि पानं हलवून त्यांच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोचवायला मदत करते.

उन्हाळी पिकावर फवारणी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुपारच्या विरळ हवेत तेवढंच वजन उचलायला पाती जास्त जोरात फिरवावी लागतात, त्यामुळे भरलेल्या टाकीसह उडण्याचा वेळ कमी होतो. शिवाय तापलेल्या रानावरची हवा वर चढत असल्याने थेंब भरकटतात आणि पानावर बसण्याआधीच सुकतात. फवारणी सकाळी लवकर उरकावी. दुपारीच करावी लागली तर टाकी पूर्ण भरू नये.